रास्ता रोकोत अडकलेल्या ड्रायव्हरने काय करायचं? बळ वापरायचा हक्क आहे की नाही?

घाटमाथा७७:
परवा मंगळवारी आईला डायलिसिसला घेऊन नगरला निघालो होतो. आठवड्यातून दोनदा जातो, मंगळवार-शुक्रवार, साडेदहाचा नंबर असतो. नगर-मनमाड रोडवर एका फाट्यावर रास्ता रोको. कुठल्या संघटनेचा ते मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं की धागा तिकडेच जाणार आणि सगळे पक्षावरून भांडणार. मागणी होती शेतीला दिवसा लाइट द्या म्हणून. मागणी खोटी नाही, माझा चुलतभाऊ स्वतः रात्री दोनला बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जातो. पण मी पुढून चौथी गाडी, मागे उसाच्या डबल ट्रॉल्या, शेजारी एसटी, म्हणजे ना पुढे ना मागे. पुढे जाऊन हात जोडले, आईची फाइल दाखवली. एक पोरगा म्हणाला, "दादा, ॲम्ब्युलन्स असती तर सोडली असती, प्रायव्हेट गाडी सोडली की मागचे सगळे पेशंटच निघतात." रस्ता मोकळा झाला एक वाजून वीस मिनिटांनी. आमचा नंबर गेलेला. संध्याकाळच्या पाळीत घेतलं, घरी यायला रात्रीचे अकरा. तोपर्यंत आईच्या पायाची सूज बघवत नव्हती.
आता सरळ प्रश्न. मी हॉर्न वाजवत पहिल्या गियरमध्ये हळूहळू गाडी पुढे काढली असती, एखाद्याला लागलं असतं, तर गुन्हेगार मी का? रस्ता त्यांनी अडवला, कायदा त्यांनी मोडला, मग मी तीन तास मुकाट बसायचं हे कुठल्या न्यायात बसतं? मनापासून विचारतोय, उगाच डिवचायला नाही.

अॅक्सल:
तुमच्याशी शंभर टक्के सहमत. माझ्या तीन गाड्या आहेत, टोमॅटो आणि द्राक्ष, दोन्ही नाशवंत. मागे एकदा गाडी सहा तास उभी राहिली, वाशीला पोचेपर्यंत मार्केट संपलं होतं, दुसऱ्या दिवशी खालच्या भावात माल गेला. त्या मालाचा मालक पण शेतकरीच होता ना? शेतकऱ्यासाठी आंदोलन आणि फटका शेतकऱ्यालाच. रस्त्यात बसणाऱ्याने आपल्या जबाबदारीवर बसावं, एवढंच म्हणणं आहे. रेल्वेच्या रुळावर बसलात तर मोटरमनला फाशी देता का?

कांदेवाला:
अॅक्सल शेठ, मोटरमनला ब्रेक लावून पण गाडी थांबवता येत नाही म्हणून त्याला कोण काही म्हणत नाही. तुमची गाडी तर आधीच उभी आहे. उभी गाडी माणसावर घालायची याला अपघात म्हणतात का?
आणि नाशवंत मालाचं आम्हाला शिकवू नका. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांद्याची निर्यातबंदी केली. त्याआधी ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लावलेलंच होतं. बंदीच्या बातमीने लिलावात भाव असा पडला की लोकांनी तिथूनच ट्रॅक्टर काढले आणि चांदवडला मुंबई-आग्रा रोडवर आडवे लावले. मी होतो त्यात. अर्ज करून, निवेदनं देऊन कोण विचारतं हो? बंदी ४ मे २०२४ ला उठली, तोवर चाळीतला कांदा सडला. आमच्या शेतात उपोषणाला बसलो असतो तर शेळ्यांशिवाय कोणी बघायला आलं नसतं. हायवे अडतो तेव्हाच टीव्ही येतो आणि तेव्हाच तहसीलदार येतात.

निवांत_पुणेकर:
म्हणजे घाटमाथांच्या मातोश्रींचा डायलिसिस चुकला तो टीव्हीवाले यावेत म्हणून. छान. असं कबूल तरी करा.

कांदेवाला:
त्यांच्या आईला सोडायलाच पाहिजे होतं, चुकलं त्यांचं. आमच्याकडे दोन पोरं फक्त याच कामाला असतात, गाड्यांच्या रांगेत मागपर्यंत फिरायचं, पेशंट, बाळंतीण, परीक्षेची पोरं बाजूने काढायची. जिथे हे करत नाहीत तिथलं आंदोलन हुकलेलं समजा. पण त्यावर इलाज म्हणून गाडी घालायची?

काळा कोट:
मी तालुका कोर्टात फौजदारी करतो, त्यामुळे घाटमाथांच्या प्रश्नाचं कायद्यातलं उत्तर देतो, कडू आहे. १ जुलै २०२४ पासून भादंवि जाऊन भारतीय न्याय संहिता आली, स्वसंरक्षणाची कलमं आता ३४ ते ४४, पूर्वी ९६ ते १०६ होती. मजकूर जवळपास तोच. रस्ता अडवणारे गुन्हा करतात यात वाद नाही. सार्वजनिक रस्त्यात अडथळा कलम २८५, दंड ५,००० रुपयांपर्यंत. माणसाला त्याच्या वाटेने जाऊ न देणं कलम १२६, एक महिना साधी कैद किंवा ५,००० दंड किंवा दोन्ही. आता तराजूची दुसरी बाजू. तुम्ही गाडी पुढे घातली आणि नुसती घासली तरी २८१, बेदरकार चालवणं. हाड मोडलं तर त्याची वेगळी कलमं. समोर माणसं बसलेली दिसत असताना घातली आणि कोणी मेलं तर "निष्काळजीपणा" म्हणून सुटायची आशा सोडा, सदोष मनुष्यवधापासून खुनापर्यंत काहीही लागेल, कारण तुम्हाला दिसत होतं. त्यांचा गुन्हा महिन्याचा, तुमचा जन्मठेपेचा.

निवांत_पुणेकर:
वकीलसाहेब, थोडा वाचनाचा नाद आहे म्हणून विचारतो. स्वसंरक्षणाचा हक्क "मानवी शरीराविरुद्धच्या" गुन्ह्याला लागू आहे. आणि माणसाला वाटेत अडवणं हा गुन्हा संहितेत त्याच प्रकरणात येतो, शरीराविरुद्धच्या गुन्ह्यांच्या. मग अडवलेल्याला स्वसंरक्षणाचा हक्क आपोआप आला की नाही? का कायदा फक्त आम्हाला गप्प बसवायला काढायचा?

काळा कोट:
तुम्ही विचारलंत ते खरंच नेमकं आहे, लोक सहसा इतकं वाचत नाहीत. हो, हक्क येतो. पण कलम ३७ पण वाचा, दोन पानं पुढे नाही, तिथेच आहे. एक, पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्क नाही. दोन, गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. म्हणजे तुम्ही पायी चालला आहात, एकजण आडवा आला, तुम्ही त्याला खांद्याने बाजूला सारून निघून गेलात, तर कोणतंही कोर्ट तुम्हाला काही म्हणणार नाही. हे झालं गरजेपुरतं बळ. साधी स्विफ्ट नऊशे किलोच्या आसपास भरते. तिला "थोडं ढकलणं" येत नाही. आणि फाट्यावर बहुतेक वेळा पोलीस हजरच असतात, मग "पोलीस नव्हते" म्हणायची पण सोय नाही.
जीव घेण्यापर्यंतचा हक्क कलम ३८ मध्ये आहे. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती असेल तेव्हा. नंबर चुकण्याची भीती त्यात बसत नाही, कितीही खरी असली तरी.

अॅक्सल:
आणि दगड आले तर? माझ्या ड्रायव्हरची पुढची काच फोडली होती लोकांनी, क्लीनरच्या कपाळाला चार टाके पडले. तेव्हा पण गियर न्यूट्रल ठेवून बसायचं का?

काळा कोट:
दगड आले की सगळं चित्र बदलतं. गाडीला घेरून काचा फोडतायत, दार उघडून ओढतायत, पेट्रोल टाकतायत, तर निघा, गाडी काढा, त्यात कोणाला लागलं तर तुमच्याकडे बचाव आहे. कायद्यात याचं उदाहरणच दिलंय, १८६० पासून आहे ते. जमाव एकाला ठार मारायला आलाय, गर्दीत लहान मुलं मिसळलेली आहेत, गोळी झाडल्याशिवाय वाचता येत नाही, आणि झाडली तर मुलांना लागण्याचा धोका आहे. कायदा म्हणतो, लागली तरी त्याचा गुन्हा नाही. इतकं मोठं मन कायद्याने जीव वाचवणाऱ्यासाठी ठेवलंय. पण ते मारायला आलेल्या जमावासाठी आहे, सतरंजी टाकून भजन म्हणत बसलेल्यांसाठी नाही. काचेच्या नुकसानीचं म्हणाल तर फुल पॉलिसीत दंगल-संपाचं नुकसान धरलेलं असतं, बघून घ्या.

अॅक्सल:
क्लेम करून बघा एकदा मग बोलू.

टाम्पाकर:
मी फ्लोरिडात असतो, इकडचं सांगतो कारण तिकडच्या व्हॉट्सॲपवर "अमेरिकेत तर आंदोलकांवर गाडी घातली तरी चालते" असं फिरत असतं. अर्धवट आहे ते. २०२१ ला इथे कायदा झाला, त्यात दंगलीत सामील असलेल्या माणसाने नुकसानभरपाईचा दावा लावला तर समोरच्याला तोच बचाव घेता येतो. हे दिवाणी. ओक्लाहोमाने त्याच वर्षी त्याहून पुढे जाऊन म्हटलं की दंगलीतून जीव वाचवून पळताना चालकाच्या हातून नकळत कोणी जखमी झालं किंवा मेलं तर फौजदारी पण नाही. शब्द बघा, दंगल, पळताना, नकळत. मुद्दाम घातली तर नाही. शार्लट्सव्हिलला १२ ऑगस्ट २०१७ ला एकाने निदर्शकांच्या गर्दीत गाडी घातली, एक बाई मेली, त्याला जन्मठेप झाली.
माझं वैयक्तिक मत विचाराल तर असे कायदे आल्यावर लोकांच्या डोक्यात फक्त "परवानगी आहे" एवढंच राहतं, बारीक अक्षरं कोणी वाचत नाही. ऑफिसात एकजण अगदी सहज म्हणाला होता, पुढच्या वेळी मी थांबणार नाही. चांगला माणूस आहे तो एरवी.

शिरोलीकर:
आमच्या कोल्हापूरला या आणि थांबू नका म्हणून बघा की. नोव्हेंबर २०२३ ला शिरोलीच्या पुलावर राजू शेट्टींनी पुणे-बेंगळूर हायवे दिवसभर धरला होता. मागणी मागच्या हंगामाच्या उसाला टनाला ४०० जादा द्या. शेवटी तोडगा निघाला, ज्या कारखान्यांनी ३,००० च्या आत दिलंय त्यांनी १०० द्यायचे, वर दिलंय त्यांनी ५०. म्हणजे मागितले चारशे, मिळाले शंभर आणि पन्नास, पण पूल धरला नसता तर तेबी मिळालं नसतं. मी त्या दिवशी पेठवडगावकडं अडकलो होतो, शिव्या घातल्या, आणि माझ्या सासऱ्याच्या खात्यावर पैसे जमा झाल्यावर पेढे पण मीच खाल्ले. आपलं हे असं असतंय बघा.
निपाणीला तर १९८१ ला तंबाखूवाले शेतकरी तीन आठवडे हायवेवर संसार मांडून बसले होते, शरद जोशींच्या मागं. शेवटी गोळीबार झाला, बारा माणसं गेली. आमच्या घरात आजून त्याची गोष्ट निघती.

निवांत_पुणेकर:
गोळीबाराचं निघालंच आहे तर पुणेकराने मावळ सांगायला पाहिजे. ९ ऑगस्ट २०११, पवनेच्या बंद पाइपलाइनला विरोध म्हणून बऊरजवळ एक्सप्रेसवे अडवला. पोलिसांनी गोळ्या घातल्या, तीन गेले. मी त्या दिवशी लोणावळ्याच्या अलीकडे अडकून होतो आणि आमच्या गाडीतले सगळे म्हणत होते, "हटवा यांना एकदाचं, काय लावलंय." संध्याकाळी घरी येऊन बातम्या लावल्या आणि कोणी जेवलं नाही नीट. त्यामुळे मी गाडी घाला म्हणणाऱ्यांतला नाही हो. माझं भांडण वेगळं आहे. शाहीनबागच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ७ ऑक्टोबर २०२० ला स्पष्ट सांगितलं की सार्वजनिक रस्ता असा बेमुदत अडवता येणार नाही आणि तो मोकळा करणं प्रशासनाचं काम आहे. २००३ च्या मुंबई बंदबद्दल हायकोर्टाने २००४ ला शिवसेना-भाजपला वीस-वीस लाख भरायला लावले होते. म्हणजे कोर्ट बोलतं, कायदा आहे, आणि फाट्यावर मात्र पोलीस चहा पितायत. मग चौथ्या गाडीतला माणूस स्वतःच्या हाताने रस्ता मोकळा करायचं मनात आणतो, त्यात नवल काय?

बंदोबस्त५८:
चहा पितायत वर बोलतो. बत्तीस वर्षं नोकरी केली, हवालदार म्हणून रिटायर झालो. फाट्यावर एक फौजदार आणि आम्ही आठ-नऊजण, समोर तीनशे माणूस, त्यात म्हाताऱ्या बाया पुढे. जास्तीची फोर्स मागितलेली असते ती दोन तासांनी येते. अशात काठी काढली तर काय होतं ते सगळ्या राज्याने १ सप्टेंबर २०२३ ला अंतरवाली सराटीत बघितलं, एका गावचं उपोषण होतं, लाठीचार्जनंतर महाराष्ट्रभर गाड्या जळाल्या. म्हणून आम्ही पुढाऱ्याच्या कानात सांगतो, भाऊ, अर्धा तास घ्या, फोटो होऊ द्या, तहसीलदार आले की निवेदन द्या आणि उठा. मग महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ६८ ने ताब्यात घ्यायचं, गाडीत बसवायचं, ठाण्यात नावं लिहायची, ६९ ने सोडायचं. नव्वद टक्के वेळा हेच. अडतं कुठे माहितीये का? तहसीलदार साहेब मीटिंगमध्ये असतात. निवेदन घ्यायला माणूस नाही म्हणून तीन तास जातात, आणि शिव्या आम्हाला आणि त्या पोरांना.
गाडी घालणाऱ्याबद्दल एकच सांगतो. पाय मोडला नाही तरी, नुसता धक्का लागला की पुढच्या मिनिटाला त्या गाडीत कोण आहे, आई आहे का मूल आहे, हे कोणी बघत नाही. लखीमपूर आठवा. ३ ऑक्टोबर २०२१. गाड्या चालत्या शेतकऱ्यांवर गेल्या, चार शेतकरी आणि एक पत्रकार मेले, आणि मग लोकांनी त्या गाड्यांतली तीन माणसं जागेवर मारली. दोन्ही बाजूची मिळून आठ. खटला तर चालूच आहे. आम्ही नऊजण असताना तुम्हाला त्या गर्दीतून काढू शकणार नाही, हे लक्षात ठेवून क्लच सोडा.

ऑरेंजसिटी:
लखीमपूर तिकडचं झालं भाऊ, नागपूरचं बघा. २३ नोव्हेंबर १९९४, गोवारी समाजाचा मोर्चा. विधानभवनाकडे निघालेली माणसं, बाया-पोरं, नुसती पळापळ झाली आणि ११४ मेले. गाडी नाही, गोळी नाही, चेंगरून. आता त्या जागेच्या जवळून उड्डाणपूल जातो, त्याला त्यांचंच नाव आहे, रोज वरून जातो आपण. गर्दीत गाडी "हळूच" सरकवतो म्हणणाऱ्यांना माझा हाच सवाल आहे, मागचा माणूस पळतो कुठे? ज्याला तुमचा बंपर लागला तो राहतो बाजूला, मागच्या बाया तुडवल्या जातात.
आणि अडवणाऱ्यांनाही सांगतो ना. २०२५ च्या ऑक्टोबरात बच्चू कडूंनी वर्धा रोडवर ट्रॅक्टर आणून हायवे धरला, कर्जमाफीसाठी. मुद्दा एकदम बरोबर होता. पण दोन्हीकडे किलोमीटरच्या किलोमीटर गाड्या, शेवटी हायकोर्टाच्या खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली आणि रस्ता मोकळा करा म्हटलं. कोर्टाने सांगेपर्यंत कायले थांबायचं?

भीमाशंकर_रोड:
सगळे शिरोली, निपाणी, नागपूर करतायत आणि गाडी घालण्याची आपल्याकडची पहिली गोष्ट कोणी काढेना. बाबू गेनू. आमच्या आंबेगाव तालुक्यातला, महाळुंगे पडवळचा, मुंबईत गिरणीत कामाला. १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीत विलायती कापडाचा ट्रक अडवायला आडवा झाला, वय बावीस. शाळेत आम्हाला सांगायचे की हिंदी ड्रायव्हरने गाडी घालायला नकार दिला आणि गोऱ्या साहेबाने घातली. तो ट्रकवाला पण म्हणालाच असेल ना, कायदेशीर माल आहे, रस्ता माझा आहे, हा मध्ये का आला? कायद्याने बघाल तर त्याचंच बरोबर. आज आपल्याकडे चौक त्या ट्रकवाल्याच्या नावाने आहेत की बाबू गेनूच्या?

अॅक्सल:
कुठे बाबू गेनू आणि कुठे हे स्कॉर्पिओतून येऊन टायर जाळणारे. तुलना करताना जरा लाज बाळगा. तो एकटा स्वतःचा जीव घालायला आडवा झाला, हे दुसऱ्याच्या आईचा जीव घालतात.

भीमाशंकर_रोड:
हा मुद्दा मान्य आहे. त्यावर माझ्याकडे लगेच उत्तर नाही.

रानवारा:
सगळे गाडीच्या आतून बोलताय म्हणून मी खालून सांगते. आमच्या गावाला अकरा दिवस नळाला पाणी नव्हतं, मे महिना. आम्ही चाळीसेक बाया रिकामे हंडे घेऊन रोडवर बसलो, पुरुष बाजूला उभे. मी पहिल्या रांगेत. एक जीपवाला खाली उतरून भांडला, मग आत जाऊन बसला आणि गाडी रेस करायला लागला. खाली मांडी घालून बसलेल्या माणसाला गाडी किती मोठी दिसते ते तुम्हाला कळणार नाही. बंपर बरोबर तोंडासमोर येतो. इंजिनची गरम हवा गालाला लागते, डिझेलचा वास, आणि वर काचेमागे माणूस दिसतच नाही, नुसतं ऊन चमकतं. तो इंच इंच पुढे येत होता. माझ्या शेजारची आज्जी उठेना, तिच्या गुडघ्यात ताकदच नव्हती पटकन उठायची, ती हट्टाला नव्हती पेटलेली. मी हंडा पुढे केला, तो चेपला. त्या आवाजाने तो थांबला. तो हंडा अजून आहे, पाणी धरतो पण नीट बसत नाही.
तुम्ही म्हणता हळूहळू, पहिल्या गियरमध्ये. हळूच आला होता तो पण.

अॅक्सल:
ताई, तुमचं दुःख समजतो, पण खरं बोलायचं तर तुम्ही गाडीच्या पुढ्यात बसलाच कशाला? आमच्या चौदा टायरीच्या केबिनमधून बंपरच्या पुढे पाच-सहा फुटांत खाली बसलेला माणूस ड्रायव्हरला दिसतच नाही. मुद्दाम नाही, दिसतच नाही. मी ड्रायव्हरना सांगून ठेवलंय की पुढे बाया-पोरं बसली असली की चावी काढायची आणि खाली उतरून उभं राहायचं. माल गेला खड्ड्यात.

निवांत_पुणेकर:
अॅक्सल, तुम्ही पहिल्या प्रतिसादात काय म्हणाला होतात ते वर जाऊन वाचा एकदा. आपल्या जबाबदारीवर बसा म्हणे.

अॅक्सल:
वाचलं. रागात लिहिलं होतं. पण नुकसानीचा राग खराच आहे, तो मागे घेत नाही.

घाटमाथा७७:
सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. एक गोष्ट पहिल्या लिखाणात सांगितली नव्हती, आता रानवाराताईंचं वाचून सांगावंसं वाटलं. "काढली असती तर" असं लिहिलं होतं, खरं तर मी काढली होती. बाराच्या सुमाराला आई म्हणाली, दम लागतोय. पुढच्या तीन गाड्यांपैकी दोघे बाजूच्या धाब्यावर गेले होते, मी त्यांच्या कडेने गाडी घातली आणि हॉर्न दाबून ठेवून पुढे आलो. एक साठीचे गृहस्थ होते, पांढरी टोपी, त्यांनी बॉनेटवर दोन्ही हात ठेवले आणि तसेच उभे राहिले. मी थांबलो नाही, म्हणजे लगेच थांबलो नाही. ते दोन पावलं मागे सरकले, हात तसेच. मागून आई ओरडली, नाव घेऊन, लहानपणी ओरडायची तशी. मग ब्रेक. त्या माणसाने काच खाली घ्यायला लावली, आत बघितलं, आणि मला काही न बोलता मागे वळून पोरांवरच ओरडला, पण तोवर शेजारची ट्रॉली आडवी लागली होती आणि निघायला वाटच नव्हती. त्याने नंतर आईसाठी लिंबू सरबत पाठवलं, ते पण घेता येईना, डायलिसिसच्या पेशंटला पाणी मोजून असतं आणि लिंबू तर नकोच म्हणतात.
काळा कोट म्हणतात तसं कायद्याने माझं चुकलंच. पण आई नसती ओरडली तर मी थांबलो असतो की नाही, हे मला सांगता येत नाही, आणि राग आंदोलकांवरचा अजून गेलेला नाही, दोन्ही एकाच वेळी आहे.

काळा कोट:
हे लिहिलंत ते बरं केलंत, पण यापुढे असं सगळ्यांसमोर लिहू नका. वकील म्हणून सांगतोय.

कांदेवाला:
घाटमाथा दादा, तुमच्या आईंना आता बरं आहे ना? ट्रॉली आडवी लावणाऱ्याची चूक आहे, सरळ सांगतो. एक लेन मोकळी ठेवायची असते, आम्ही चांदवडला ठेवली होती, सगळ्यांनी नाही ठेवली हे पण खरं.

घाटमाथा७७:
आई बरी आहे. शुक्रवारी परत जायचंय, आणि आमच्या ग्रुपवर आलंय की त्याच फाट्यावर शुक्रवारी पुन्हा रास्ता रोको, मागणी मान्य झाली नाही म्हणून. कोणाला पाटाच्या कडेचा रस्ता माहितीये का? स्विफ्ट जाते का त्यावरून?

बंदोबस्त५८:
जाते. पण आवर्तन सुटलंय, चारीचं पाणी दोन ठिकाणी रस्त्यावर येतं, दुसऱ्या पुलापाशी उजव्या अंगाने घ्या, डावीकडे खचलंय. साडेआठच्या आत निघा. आणि ११२ वर आधीच फोन करून पेशंट आहे म्हणून नोंद करून ठेवा, म्हणजे फाट्यावरच्या पोराला गाडीचा नंबर माहीत असेल.

कांदेवाला:
तिथल्या संघटनेतला एकजण माझ्या ओळखीचा आहे. गाडीचा नंबर मला मेसेज करा, मी बोलून ठेवतो.